शून्य आणि रेघ

आमच्याकडे लाइट जाते ती गुरुवारी.
आज मंगळवार.
पंखा फिरतोय, खालच्या झेरॉक्सवाल्याचं मशीन
कुंथत का होईना, चाललंय,
आणि माझा डबा गप्प.

बटण दाबलं.
जोरात दाबलं.
मग हळूच, त्याला कळू न देता, दाबलं.

बीप नाही, घरघर नाही,
रात्री पाणी प्यायला उठले की दिसायचा
तो हिरवा ठिपकासुद्धा नाही.
आत पानवलकरबाईंचा प्रबंध,
मुठेकाठच्या शेवाळांवर, दोनशे अकरा पानं,
शनिवारी विद्यापीठात द्यायचा.
बॅकअप घेतला होता का, असं विचारू नका.
विचारलंत तर 'घेणारच होते' म्हणेन,
आणि ते खरं आहे.

भाचा फोनवर, हिंजवडीहून, जेवता जेवता.
"वायर हलवून बघ." हलवली.
"दुसऱ्या सॉकेटला लाव." मिक्सर काढून लावली.
"मागे काळं बटण असेल बघ, शून्य आणि रेघ."
गुडघ्यांवर, टेबलाखाली, मोबाइलच्या उजेडात
सापडले शून्य आणि रेघ.
रेघच दाबलेली होती. म्हणजे चूक माझी नव्हती.
तेवढ्यातही बरं वाटलं.
"मग पॉवर सप्लाय उडाला, मावशी," तो म्हणाला
आणि ताक प्याला. मला ऐकू आलं.

नवी पेठेतून रिक्षा. डबा मांडीवर, जुन्या चादरीत.
रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा बघितलं,
आणि खड्डे चुकवत नेलं, न सांगता.

तपकीर गल्लीत मुबीन बागवानचं दुकान
दोन माणसं उभी राहिली की भरतं.
त्यानं बाजूचा पत्रा उघडला.
अकरा वर्षांची धूळ, कागदाचा भुसा,
आणि एक मुंगी, ती कुठून आली देव जाणे.
लाज वाटली. कुणी आपली माळ्यावरची ट्रंक उघडावी तशी.
"सगळ्यांचं असंच असतं," तो म्हणाला, वर न बघता.

टाचणी वाकवली. एक टोक हिरव्या वायरीत, एक काळ्या.
सप्लायचा पंखा फिरला. "हा जिवंत आहे."
मग रॅमची पट्टी उपसली
आणि खिशातून काढलं खोडरबर.
शाळेतलं, पांढरं, एका बाजूनं झिजलेलं.
पट्टीचे सोनेरी दात घासले, फुंकर मारली.
बावीस वर्षं मी लोकांच्या चुका दुरुस्त करते,
पण स्मरणशक्तीही खोडरबरानं साफ होते
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
पट्टी परत बसवली. काही नाही.
बटणाएवढा सेल बदलला. काही नाही.
त्यानं चहा मागवला, दोन. तेव्हा मी घाबरले.

चहा अर्धा झाल्यावर
त्यानं बटणाच्या वायरी उपटल्या,
आणि उघड्या दोन काड्यांना
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं.
नुसतं टेकवलं.
घर्रर्र.

"मशीनला काही नाही झालं, मॅडम.
बटण मेलंय."

बटण.
रोज सकाळी, सुटीचे दिवस वजा जाता,
तीनेक हजार वेळा ह्याच बोटानं दाबलेलं.
"ह्या कॅबिनेटचं बटण आता मिळत नाही," म्हणाला,
आणि त्याची वायर रिसेटच्या बारक्या बटणाची करून दिली.
"आता हे दाबायचं. मोठं शोभेला."
शंभर रुपये. सेलचे पन्नास वेगळे.
चहाचे घेतले नाहीत.

प्रबंध शनिवारी गेला. बाईंनी चितळ्यांचा पुडा दिला.

अजूनही सकाळी बोट आधी मोठ्याकडेच जातं.
काही होत नाही,
आणि काळीज एकदा लक्कन हलतं, रोज.
मग छोटं.

बॅकअप? घेणारच आहे.